ऑटोमॅटिक गाडी ढकलून चालू होत नाही



मागच्या आठवड्यात आपल्या इथे एका ताईंनी लिहिलं होतं, की मुलानं आईबाबांना ऑटोमॅटिक गाडी घेऊन दिली आणि आता ते दोघं एकदम निर्धास्त झाले. वाचून आनंद झाला. पण त्या 'निर्धास्त' शब्दापाशी मी जरा अडखळलो. दीड वर्षापूर्वी मीही असाच निर्धास्त होतो. म्हणून हे लांबलचक लिहितोय. बँकेत अडतीस वर्षं काढलेल्या माणसाला थोडक्यात सांगता येत नाही, सांभाळून घ्या.

आम्ही हिंडलग्याला राहतो. बेळगावच्या लोकांना सांगायला नको, बाहेरगावच्यांसाठी सांगतो: बेळगावातून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागलं, कॅम्प मागे टाकला, की हिंडलगा. बाहेर नाव निघालं की लोकांना आधी जेल आठवतो, आम्हाला गणपतीचं देऊळ आणि हुतात्मा स्मारक आठवतं. याच रस्त्यानं पुढे गेलं की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. पाऊस इथे मुक्कामाला येतो. आषाढात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, भिंतींना ओल येते आणि आमच्या सौ.चा दमा डोकं वर काढतो.

अशाच एका आषाढातल्या रात्री अडीचच्या सुमारास तिनं मला हलवून उठवलं. बोलता येत नव्हतं. पंप दोनदा मारला, उतार नाही. ओठ काळसर दिसायला लागले. मी शर्ट चढवला, फाइल घेतली, तिला व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं आणि गाडी काढायला गेलो. १०८ ला फोन करायचं मला सुचलंच नाही, आणि हेच मला आज सगळ्यात जास्त टोचतं. दारात गाडी उभी असताना अँब्युलन्स कशाला, हा विचार इतका पक्का होता की तो विचार आहे हेसुद्धा लक्षात आलं नाही.

रिमोटनं दार उघडलं नाही. किल्लीच्या पोटातली लोखंडी किल्ली काढून उघडलं. ब्रेक दाबला, बटण दाबलं. 'टक टक टक' असा आवाज आला, डॅशबोर्डवरचे दिवे एकदा मिणमिणले आणि विझले. पुन्हा दाबलं. मग आवाजसुद्धा नाही.

समोरच्या घरातली दोन मुलं आवाजानं उठून आली. भली पोरं. म्हणाली, "काका, तुम्ही बसा आत, न्यूट्रल करा की, ढकलतो आम्ही." मी लिव्हर ओढला. तो 'पी' मधून हलेना. पोरांनी पाठीमागून जोर लावला, गाडी नुसती स्प्रिंगवर डुलली. एक जण आत येऊन बसला, त्यानंही ओढून बघितलं. "काका, लॉक झालंय बघा हे."

आणि पुढची गंमत ऐका. आमचा आणि शेजाऱ्यांचा बोळ एकच. त्यांची गाडी आत, माझी बोळाच्या तोंडाशी. माझी हलत नाही म्हणून त्यांची चांगली चालती गाडी बाहेर निघेना. एका मेलेल्या बॅटरीनं दोन गाड्या अडवल्या.

शेवटी देवच धावला म्हणायचा. पहाटे भाजी मार्केटला निघालेला एक छोटा टेम्पो रस्त्यावर दिसला, पोरांनी हात करून थांबवला. मागे कोथिंबिरीची पोती, पुढे ड्रायव्हर, सौ. आणि अर्धा लटकत मी. दवाखान्यात नेब्युलायझर लावला, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती चहा मागायला लागली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं लवकर आणायला पाहिजे होतं." मी मनात हिशेब केला. गाडीशी झटापट करण्यात पंचवीस मिनिटं गेली होती.

सकाळी मुलाचा बेंगळुरूहून फोन आला. "बाबा, गाडी होती म्हणून बरं झालं, नाही?" मी "हो" म्हणालो.

ते 'हो' खोटं होतं. आणि त्याच्या आधीची वर्षभराची 'हो' पण खोटीच होती. सांगतो.

गाडी मुलानंच घेऊन दिली होती. माझे दोन्ही गुडघे गेलेले, क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. ऑटोमॅटिक आली आणि पहिली दोन वर्षं मी राजासारखा फिरलो. चंदगडला गेलो, आंबोलीला गेलो. मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यानंतर एकदा संध्याकाळी पावसात समोरच्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपले आणि एका सायकलवाल्याला मी अगदी थोडक्यात चुकवला. त्याला काही झालं नाही. मला मात्र झालं. गाडीची भीती बसली. ती कुणाला सांगायची लाज वाटली. दर रविवारी मुलगा विचारायचा, "बाबा, गाडी चालवताय ना?" आणि मी म्हणायचो, "चालवतो की."

माझ्याकडे गाडीची वही आहे. पेट्रोल, किलोमीटर, तारीख, सगळं लिहिलेलं असतं, जुनी सवय. त्या वहीप्रमाणे दिवाळीपासून त्या रात्रीपर्यंत आमची गाडी एकशे चाळीस किलोमीटर चालली होती. तीही गणपतीच्या देवळापर्यंत आणि परत, अशा दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्यांत. शेवटच्या तीन आठवड्यांत एकदाही नाही.

दोन दिवसांनी बॅटरीवाला आला. मीटर लावला, मान हलवली आणि कन्नडमध्ये म्हणाला, "ब्याटरी सत्तैती, सर." मेली आहे. मी विचारलं, गाडी तर चाललीच नाही, मग बॅटरी संपली कशी? तो हसला. "चालली नाही म्हणूनच."

मी कॉमर्सवाला, यंत्रातलं मला कळत नाही. पण त्यानं सांगितलेलं मी खात्याच्या भाषेत मांडून बघितलं आणि लख्ख कळलं. बॅटरी म्हणजे बचत खातं. इंजिन चालू करताना स्टार्टर एका दमात मोठी रक्कम उचलतो, शंभर अँपिअरच्या वर, सेकंद-दोन सेकंद. गाडी चालायला लागली की अल्टरनेटर ती हळूहळू परत भरतो. दहा मिनिटांच्या फेरीत उचललेली रक्कम नीट भरून निघत नाही, वर पावसात वायपर, दिवे, काचेवरची वाफ घालवायला पंखा, हा खर्च वेगळा. आणि गाडी बंद उभी असतानाही खातं चालूच असतं. घड्याळ, अलार्म, किल्लीची वाट बघणारा तो रिमोटचा रिसीव्हर, सगळे थोडं थोडं पितात. चाळीस मिलिअँपिअर धरलं तर दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी असते पस्तीस अँपिअर-तासांची. चार वर्षांची जुनी झाली की तिच्यात खरी शिल्लक वीस-बावीसच राहते. आणि इंजिन फिरवायला निम्म्याच्या आसपास तरी शिल्लक लागते. करा हिशेब. दोन आठवड्यांत खातं किमान शिलकीच्या खाली.

बँकेत दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं आम्ही 'इनऑपरेटिव्ह' म्हणून बाजूला काढायचो. पुस्तक कपाटात असतं, पैसेही असतात, पण गरजेच्या दिवशी चेक वटत नाही. माणूस काउंटरवर येऊन भांडतो, "माझेच पैसे आहेत की हो!" त्या रात्री मी त्या काउंटरच्या बाहेरच्या बाजूला उभा होतो.

आता ढकलण्याबद्दल. आपल्या पिढीचा ढकलण्यावर फार विश्वास. ऐंशीच्या दशकात मी निपाणीला होतो. तंबाखूचा हंगाम, कर्जवसुलीचा दौरा, बँकेची जुनी जीप. एका खेड्यात जीप बसली. ज्यांच्याकडे वसुलीला गेलो होतो त्यांनीच, "साहेब, बसा तुम्ही," म्हणत उतारापर्यंत ढकलली. ड्रायव्हरनं दुसरा गिअर टाकून क्लच दाबून धरला होता, वेग आल्यावर सोडला, जीप खोकत चालू झाली. वसुली शून्य, पण परत आलो. त्या जीपला पुढून हँडल मारायचीही सोय होती. फियाटला, अँबेसेडरलाही होती. पूर्वी सगळ्याच गाड्या हँडलच्या. विजेचा स्टार्टर घेऊन कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली गाडी अमेरिकेतली कॅडिलॅक, १९१२ ची. तरीही पुढे कितीतरी वर्षं हँडल डिकीत ठेवलं जायचं, कारण विजेवर कुणाचा पुरता विश्वास नव्हता.

त्या जीपमध्ये चाक आणि इंजिन यांच्यात सरळ लोखंडाची जोडणी होती. चाक फिरलं की इंजिन फिरणार. आपल्या ऑटोमॅटिकमध्ये ही जोडणी तेलाच्या दाबानं होते आणि तो दाब तयार करणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, तर दाब नाही. दाब नाही, तर चाकाचा आणि इंजिनाचा संबंधच नाही. गाडी वेंगुर्ल्यापर्यंत ढकला, चालू होणार नाही. जुन्या काळी काही अमेरिकन ऑटोमॅटिक गाड्यांत चाकांच्या बाजूनं फिरणारा दुसरा पंप असायचा, त्या ढकलून चालू व्हायच्या. तो पंप १९६० च्या दशकात हळूहळू गेला. आपल्याकडे २०१४ पासून स्वस्त गाड्यांत 'एएमटी' आली. तिच्यात आत साधा गिअरबॉक्सच असतो, पण क्लच आणि गिअर टाकण्याचं काम विजेवर चालणारं यंत्र करतं. म्हणजे तिथेही बॅटरी गेली की सगळंच गेलं.

आणि तो लिव्हर? ब्रेक दाबला की विजेवरची एक कडी सुटते आणि मग तो 'पी' मधून निघतो. वीज नाही, तर कडी सुटत नाही. पण बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या शेजारी एक नखाएवढं प्लॅस्टिकचं झाकण असतं. ते काढून आत किल्ली किंवा स्क्रूड्रायव्हर दाबून धरला की लिव्हर हलतो. आधी हँडब्रेक मात्र ओढलेला पाहिजे. हे आमच्या गाडीतही होतं. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात चित्रासकट दिलं होतं. पुस्तक चार वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला अजून चिकटपट्टी. कर्जदारानं अटी न वाचता सही केली तर मी त्याला बोलायचो, आणि माझी ही गत.

महिनाभर मी हे मनात ठेवलं. मग गणपतीला मुलगा आला. गाडीची वही त्याच्या हाती लागली. काही बोलला नाही, नुसती पानं उलटली. रात्री जेवण झाल्यावर मीच म्हणालो, "मी गाडी चालवत नाही. आईला टेम्पोतून नेली." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबा, मी विचारत होतो ते गाडीसाठी नव्हतं." मला काय उत्तर द्यावं कळलं नाही. चाळीस वर्षं लोकांकडून खरी माहिती काढून घेण्याची नोकरी केली, आणि स्वतःच्या मुलाला वर्षभर खोटा ताळेबंद दाखवला.

तर मंडळी, माझं मत असं आहे.

काही जण म्हणतात, म्हाताऱ्यांना साधी गिअरवाली गाडीच बरी, निदान ढकलता तरी येते. मला पटत नाही. गुडघे दुखणाऱ्याला ऑटोमॅटिक हे वरदान आहे, आणि पहाटे तीन वाजता गिअरवाली तरी ढकलणार कोण? शिवाय आजकालच्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर दोन्ही विजेवर. बॅटरी पुरती मेली असेल तर गिअरवालीसुद्धा ढकलून नक्की चालू होईलच असं नाही. दोष ऑटोमॅटिकचा नाही. दारात उभी असलेली गाडी म्हणजे सोय, ही आपली समजूत चुकीची आहे. सोय ही चालती असेल तरच सोय.

म्हणून आपल्यासारख्यांसाठी चार गोष्टी, अनुभवाच्या.

एक. आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बंद करणं म्हणजे शंभर काढून दहा भरणं. स्वतःला जमत नसेल तर ओळखीच्या ड्रायव्हरला दर रविवारी बोलवा. मी आता तेच करतो. मी शेजारी बसतो, उचगावच्या पुढे जाऊन चहा पिऊन येतो. यात कमीपणा काही नाही, हे कळायला मला वेळ लागला एवढंच. मुलाकडे महिना-दोन महिने जाणार असाल तर बॅटरीची काळी वायर काढून ठेवायला सांगा.

दोन. बॅटरीची खरेदीची तारीख लिहून ठेवा. तीन वर्षं झाली की पावसाळ्याच्या आधी तपासून घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटरनं १२.६ व्होल्ट दिसलं तर खातं भरलेलं, १२.२ म्हणजे निम्मं, १२ च्या खाली म्हणजे चेक परत. इंजिन चालू असताना साधारण १४ च्या आसपास दिसलं तर भरणा नीट होतोय. टोकांवर पांढरा-हिरवट क्षार साचला असेल तर साफ करून घ्या, कधीकधी एवढंच कारण असतं.

तीन. डिकीत चांगल्या जाड जंपर केबल ठेवा आणि त्या लावायच्या कशा हे दिवसाउजेडी एकदा करून बघा. दोन्ही गाड्या बंद. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या उणेला, आणि काळ्याचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्याजवळ नको. चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग आपली चालू करा. काढताना उलट्या क्रमानं. चालू झाल्यावर लगेच बंद करू नका. आणि गाडी न्यायचीच झाली तर पूर्ण उचलून नेणारी गाडी मागवा. ऑटोमॅटिकची पुढची चाकं रस्त्यावर फरफटत नेली तर गिअरबॉक्सचं नुकसान होतं.

चार, आणि ही सगळ्यात आधी. रात्रीबेरात्री कुणाला त्रास झाला तर पहिल्यांदा १०८ ला फोन, मग शेजाऱ्याला हाक, आणि मग गाडीची किल्ली. गाडी चालू झाली तर उत्तमच, अँब्युलन्स नको म्हणून कळवता येतं. उलटा क्रम लावला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे.

पूर्वी गाडी बसली की चार खांदे लागायचे. आता खांदे चालत नाहीत. एक केबल लागते, दुसरी चालू गाडी लागते आणि ती कुठे जोडायची हे माहीत असलेला माणूस लागतो. म्हणजे शेजारी लागतोच. आमच्या बोळात आता ठरलंय, तोंडाशी गाडी कुणाचीही असो, एक किल्ली शेजारच्या घरी असते आणि ते प्लॅस्टिकचं झाकण कुठे आहे हे दोन्ही घरांना माहीत आहे. समोरच्या त्या दोन पोरांनाही दाखवलं. त्यातला धाकटा म्हणाला, "काका, हे त्या रात्री म्हाईत असतं तर?" मी काही बोललो नाही.

आणि बाहेरगावी असलेल्या आपल्या मुलामुलींना एक विनंती. गाडी घेऊन दिलीत, चांगलं केलंत. पण फोनवर "गाडी चालवताय ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर आम्ही 'हो' असंच देतो. "शेवटचं कुठे गेला होतात?" असं विचारा. आणि माझ्या वयाच्या मंडळींनो, त्याचं खरं उत्तर द्या. चालवायची भीती वाटते, डोळ्यांना त्रास होतो, हे सांगायला लाज कसली? मी न सांगितल्याची किंमत पंचवीस मिनिटं होती, आणि ती मी भरली नाही, सौ.नं भरली.

ती हे वाचून म्हणाली, "माझा दमा सगळ्या जगाला सांगा आता." पण पुसून टाका असं म्हणाली नाही, म्हणून तसंच ठेवलंय.

चूकभूल द्यावी घ्यावी. तुमचे अनुभव जरूर लिहा, आणि वाचून झालं की एकदा खाली जाऊन गाडी चालू करून बघा.

– एक निवृत्त बँकवाला, हिंडलगा